बिनठिपक्याची चिठ्ठी

म्हाळू बरकडे वाईट माणूस होता असं म्हणणारी माणसं न्हावऱ्याच्या बाजारात अजून भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. पण वाईट माणसाची म्हणून जी लक्षणं असतात ती म्हाळूत औषधालाही नव्हती. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या बांधावर पाय नाही. वस्तीतला तो पहिला मॅट्रिक, आणि शिकल्याचा तोरा म्हणाल तर खिशाला अडकवलेलं एक शाईचं पेन, बस्स. त्यानं एकदा चूक केली ती मायेपोटी. मग ती चूक त्याला एका शहाण्या माणसानं नीट समजावून सांगितली, आणि सगळा घोटाळा तिथून झाला.

बरकडवस्ती भीमेच्या अलीकडं, शिरूर तालुक्याच्या पार शेपटाला. कचेरीचं काम निघालं की शिरूर, आणि आगगाडी, मोठा दवाखाना, पुण्याचा माणूस असं काही असलं की दौंड. मेंढरं राखणारी घरं, बहुतेकांनी आता थोडीथोडी जमीन धरलेली, तरी दिवाळी झाली की काही जण कळप घेऊन मावळाकडं निघायचेच. म्हाळूची थोरली बहीण कुशाबाई आत्याच्याच घरात दिलेली, म्हणजे ओढा ओलांडला की तिचं सासर. तिचा नवरा असाच, निम्मं वर्ष कळपामागं. तिला ओळीनं मुलीच. आणखी एक झाली तेव्हा सासूनं नाव ठेवलं नकुशी, आणि वर म्हणाली, नावावरनं तरी देवाला कळंल आता. ही नकुशी ऐन बहात्तरच्या दुष्काळातली. दोन वर्षांची झाली तरी कडेवर घेतली तर घेतल्यासारखी वाटायची नाही.

ती एकटीच तशी होती असं नव्हे. दुष्काळ सरला, बाजरीनं कणसं धरली, मोठी माणसं सावरली. पण दुष्काळात जन्मलेली पोरं काही अंग धरीनात. पोट नगाऱ्यासारखं आणि पाय काटक्या, असली पोरं दारोदारी बसलेली असायची.

चौऱ्याहत्तर साली श्रावणात पुण्याहून रिसबूड सर आले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक. चहात साखर नको म्हणणारा माणूस वस्तीनं पहिल्यांदाच बघितला, आणि साळूबाईला, म्हणजे म्हाळूच्या बायकोला, तो तिच्या घरच्या साखरेचा अपमान वाटला. सर पारावर बसून सरळ मुद्द्यावर आले. त्यांच्या संस्थेला सोयाबीनचं पिवळं पीठ मिळालं होतं. त्यात गूळ घालून लापशी करायची आणि लहान पोरांना रोज खाऊ घालायची. पण पीठ निम्म्याच पोरांना पुरेल एवढं.

"मग निम्मी कुठली?" सरांनी स्वतःच विचारलं. "पुढाऱ्याच्या घरापासून सुरुवात केली तर तुम्हीच मला शिव्या द्याल. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. ठिपक्याची चिठ्ठी निघाली त्या पोराला लापशी. बिनठिपक्याची निघाली त्याचं दर महिन्याला नुसतं वजन करायचं."

"नुसत्या वजनानं काय व्हायचं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्याच्यामुळंच कळेल की लापशीनं काय झालं," सर म्हणाले. म्हाताऱ्याला ते कळलं नाही, म्हाळूलाही त्या दिवशी कळलं नाही. पण चिठ्ठीचा न्याय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? माना डोलल्या. आजूबाजूच्या वस्त्यांवरही हेच चालणार होतं. ह्या सगळ्या कामावर सरांनी शिकलेला म्हणून म्हाळूला घेतलं. काटा लिंबाच्या फांदीला टांगायचा, खाली कापडाची झोळी, झोळीत पोर, आणि काटा हलायचा थांबला की आकडा लिहायचा. लापशी शिजवायला साळूबाई. चिठ्ठ्यांचं मडकं त्याच्या हवाली करून सर दौंडची गाडी गाठायला निघून गेले.

आणि इथं म्हाळूनं ती चूक केली, जी धनगराच्याच पोरानं करावी. मेंढ्या व्यायला लागल्या की मेंढपाळाचा एक रिवाज असतो, तो कुणी शिकवत नाही, अंगातच असतो. दांडगं कोकरू आपलं आपण आईला लुचतं. मरतुकडं असतं ते उचलायचं, मेंढी पायात धरायची, आणि त्याच्या तोंडाला आधी सड लावायचा. ज्याला गरज त्याला आधी. मडक्यासमोर बसल्यावर म्हाळूला दुसरं काही सुचणारच नव्हतं. त्यानं ठिपक्याच्या चिठ्ठ्या बोटांच्या बेचक्यात दाबून ठेवल्या. दांडग्या पोराचं नाव पुकारलं की हात मडक्यात जायचा आणि बिनठिपक्याची चिठ्ठी घेऊन वर यायचा. मरतुकड्याचं नाव आलं की बेचक्यातली पुढं यायची. नकुशीचं नाव आलं तेव्हाही बेचक्यातलीच पुढं आली. त्याचा स्वतःचा मुलगा भिमा गुटगुटीत होता, त्याला काही मिळालं नाही. म्हणजे बघा, स्वतःच्या पोरासाठी त्यानं बोट हलवलं नव्हतं.

लापशी सुरू झाली. नकुशीला ती अशी काही आवडली की सकाळी उठल्या उठल्या ती जर्मनची ताटली छातीशी धरून ओढ्याच्या वाटेला लागायची. कुशाबाईला मागनं पळावं लागायचं. महिन्याभरात पोरीच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला, ती मामाला मामा म्हणायला लागली. कुशाबाई भावाला म्हणाली, "म्हाळू, तुझ्या हाताला यश हाय रं."

महिना झाल्यावर रिसबूड सर पुन्हा आले. लिंबाखाली बसून त्यांनी वजनाचे आकडे पाहिले, लापशीवाली पोरं आणि बिनलापशीवाली पोरं अशा दोन ढिगांची सरासरी काढली, पुन्हा काढली. मग चष्मा काढून पुसत बसले. त्यांचा आवाज चढला नाही, हीच तर त्या माणसाची खोड होती.

"लापशीचा ढीग एवढा हलका कसा?" ते म्हणाले. "चिठ्ठी आंधळी असते, बरकडे. चार किडकी इकडं येतील, चार तिकडं जातील. सगळी किडकी एकाच बाजूला येत नाहीत. मडक्यात कुणीतरी बघून हात घातलाय."

म्हाळूला नाही म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायचा त्याचा पिंड नव्हता. त्यानं सगळं सांगून टाकलं, बेचक्यासकट. फक्त नकुशी आपली भाची आहे एवढं सांगितलं नाही. नोकरी गेली असं धरूनच तो उभा राहिला.

सरांनी त्याला काढलं नाही. त्याहून वाईट केलं. त्याला शेजारी बसवून घेतलं आणि शिकवलं.

"तुझ्याकडं मेंढरं आहेत ना? समज, कळपात रोग आला. तू औषध आणलंस. कुठल्या मेंढरांना पाजशील?"

"आजारी असत्याल त्यास्नी."

"बरोबर. महिन्यानं मोजशील. औषध पाजलेल्यांत जास्त मेली, न पाजलेल्यांत कमी मेली. मग काय म्हणशील?"

म्हाळूला बाप आठवला. कारण त्याच्या बापानं हेच केलं होतं. दौंडहून आणलेली औषधाची बाटली बापानं ओढ्यात भिरकावली होती आणि मरेस्तोवर सांगत राहिला होता की औषधानंच माझी मेंढरं मारली. औषध चांगलं होतं. पाजलेली मेंढरंच आधीपासून मरायला टेकलेली होती. एवढी वर्षं डोळ्यासमोर असलेली गोष्ट, आणि ती आज दिसली.

"लापशीचं तेच होईल," सर म्हणाले. "सहा महिन्यांनी तुझी मरतुकडी पोरं दांडग्या पोरांपेक्षा हलकीच भरतील. पुण्याची माणसं म्हणतील, लापशीचा उपयोग नाही, बंद करा. मग कुणालाच नाही. म्हणून दोन्ही ढीग सुरुवातीला सारखे पाहिजेत. आणि आणखी एक. सुगी झाली की सगळीच पोरं थोडी भरतात. ते लापशीचं श्रेय नव्हे. म्हणून लापशीवाल्यांची वाढ काढायची, बिनलापशीवाल्यांची वाढ काढायची, आणि पहिलीतून दुसरी वजा करायची. उरेल तेवढीच लापशीची."

म्हाळूनं मातीत काटकीनं दोन रेघा ओढल्या, दोन्ही चढत्या, एक जास्त चढती. मधल्या जागेवर बोट ठेवून त्यानं सरांकडं पाहिलं.

"ही," सर म्हणाले. "ही मधली जागा दाखवता आली की सरकार शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या पोरांना लापशी देईल. मला तेवढ्यासाठी ती बिनलापशीची पोरं लागतात."

खरं सांगायचं तर म्हाळूला इतका आनंद लग्नातही झाला नसेल. मॅट्रिकला त्यानं गणित घोकून काढलं होतं, पण गणितानं जगातलं काही दिसतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून त्याला सगळीकडं दोन रेघा दिसायला लागल्या. कुणी म्हणालं की अमक्या देवाला नवस केला आणि ताप उतरला, तर हा विचारायचा, नवस न करणाऱ्यांचा कधी उतरला? लोक वैतागले. शिकलेला माणूस वेडा झाला म्हणाले.

चिठ्ठ्या पुन्हा टाकायच्या ठरल्या. ह्या खेपेला सर स्वतः हजर राहिले, आणि हात कुणाचा असावा यावर त्यांनी तोडगा काढला तो असा: ज्या त्या आईनं आपल्या पोराची चिठ्ठी आपल्या हातानं काढायची. म्हणजे कुणी कुणाला बोल लावायला नको. म्हाळूनं नुसतं मडकं धरायचं. साळूबाईनं हात घातला, भिमाची चिठ्ठी ठिपक्याची निघाली. थोड्या वेळानं कुशाबाई आली. तिनं आधी भावाच्या तोंडाकडं पाहिलं, अगदी विश्वासानं, आणि मग मडक्यात हात घातला.

चिठ्ठी कोरी होती. तिनं ती उलटी करून पाहिली.

"ही न्हवं," ती म्हणाली. "म्हाळू, मागच्या बारीला ठिपका व्हता हिचा."

सर शेजारी उभे होते. "मागचं रद्द झालं, बाई," ते म्हणाले. "पुढं या कोण आहे."

म्हाळूनं मडकं पुढच्या बाईकडं सरकवलं. त्याच वेळी त्यानं एक शब्द सांगितला असता, सर, ही माझी बहीण हाय, पोर मरायला टेकलंय, तर कदाचित सरांनी ते पोर दोन्ही ढिगांतून वगळलं असतं आणि गुपचूप दोन घास मिळाले असते. पण एकदा चोरी पकडली गेलेल्या माणसाची मान वर येत नाही. आणि दुसरं म्हणजे, सगळीच आई-बापं असं म्हणायला लागली तर ढीग पुन्हा वाकडे होणार, हे त्याला आता कळत होतं. समजलेलं माणसाला विसरता येत नाही, हीच तर मोठी अडचण.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकुशी ताटली घेऊन आली. तिला चिठ्ठीचं काय माहीत? ती तिच्या नेहमीच्या जागी, चुलीच्या डाव्या अंगाला फतकल मारून बसली आणि म्हणाली, "मामा, लापशी." म्हाळूनं तिला उचलून ओढ्याच्या वाटेवर नेऊन उभी केली. ती परत आली. त्यानं परत नेली. तिसऱ्यांदा कुशाबाई येऊन तिला ओढत घेऊन गेली, आणि पोरगी ओढा ओलांडेपर्यंत ताटली हालवत होती. असं पुष्कळ दिवस चाललं. मग पोरगी यायची पण मागायची नाही. लांब बसून दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. तिच्या जोडीला अशी आणखीही पोरं असायची, ओळ धरून, आणि माश्या हाकलायचंही कुणाला भान नसायचं.

दिवाळीनंतर कुशाबाईचा नवरा कळप घेऊन गेला. तिला दिवस गेलेले होते, त्यामुळं अंगावरचं दूध आटलेलं. नकुशीला ताक-भाकरी कुस्करून द्यायची, ती पोटात ठरायची नाही. दर महिन्याला झोळीत घातली की काटा पहिल्यापेक्षा अलीकडंच थांबायचा. म्हाळू आकडा लिहायचा. कुशाबाई विचारायची, "किती भरली?" तो म्हणायचा, "बरी हाय." हे मात्र खोटं होतं.

साळूबाईला ते बघवेना. बाई तोंडाची फटकळ, साखरेवरून महिनाभर धुमसणारी, पण काळजानं मऊ. एका सकाळी तिनं भिमाच्या वाटीतली थोडी लापशी पदराआड घेतली, घराच्या मागच्या अंगाला नकुशीला बोलावलं आणि बोटानं चारायला लागली. म्हाळू सरपण आणायला म्हणून मागं आला, आणि त्यानं पाहिलं.

"काय चाललंय?"

"दोन बोटं देतीय. काय आकाश कोसळत न्हाई."

"कोसळतंय," म्हाळू म्हणाला. "आज तू दिलीस, उद्या दुसरी दील. इकडची लापशी तिकडं गेली म्हंजी फरक बुजतो. फरक बुजला की लापशी बंद. मग तुझ्या भिमाला बी न्हाई आन् हिला बी न्हाई."

"आवं, भाची हाय ती तुमची."

"म्हनून तर. माझ्याच घरात चोरी झाली तर मी कुणाच्या तोंडाला बांध घालू?"

नकुशीच्या तोंडात घास होता. ती तो गिळत नव्हती, जिभेवर घोळवत होती, संपू नये म्हणून. म्हाळू खाली बसला. एका हातानं त्यानं तिचे गाल दाबले, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घातलं, आणि घास बाहेर काढला. पोरगी रडलीही नाही. तिनं त्याच्या बोटाकडं पाहिलं आणि बोट चाटायला तोंड पुढं केलं. तेव्हा त्यानं हात मागं घेऊन मातीला पुसला.

हे साळूबाईनं पाहिलं, आणि कुडापलीकडून तिघीचौघींनी पाहिलं. कुशाबाई पोरीला शोधत आली होती, तिनंही पाहिलं. तिनं भावाला शिव्या घातल्या नाहीत. पोरीला उचललं आणि एवढंच म्हणाली, "चिठ्ठी मीच काढली ना माझ्या हातानं."

"व्हय आक्का," म्हाळू म्हणाला. "तूच काढलीस." असं बोलून तो थांबला नाही. पुढं म्हणाला, "मी मडकं धरलं व्हतं फकस्त."

त्यानंतर साळूबाई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. म्हाळू मात्र कामात आणखी कडक झाला. आजूबाजूच्या वस्त्यांवरही त्याची अशी दहशत बसली की आया पोरांची तोंडं फडक्यानं पुसूनच घरी न्यायच्या. सर खूश होते. असा माणूस पुण्यात मिळत नाही म्हणायचे. एकदा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या रात्री म्हाळू दोन भाकरी जास्त जेवला. अपराधी माणूस रडतो, जेवत नाही, असं आपण समजतो. तसं काही नसतं.

फाल्गुनात गोवर आला. गोवर ठिपका बघून आला नाही, दोन्ही ढिगांतल्या पोरांना झाला. भिमा पुरळानं लाल झाला, तापानं फणफणला, आणि सहा-सात दिवसांत उठून कोंबडीमागं पळायला लागला. ओढ्यापलीकडं नकुशीच्या अंगावर पुरळ नीट फुटलंसुद्धा नाही. जुलाब लागले. कुशाबाईनं तिला दौंडला न्यायचं ठरवलं, पोटुशी बाई, पोरीला पाठीशी बांधून निघाली. न्हावऱ्याच्या अलीकडंच परत फिरावं लागलं, कारण दौंडला जायचं कारण उरलं नव्हतं. परत येताना ती म्हाळूच्या दारावरून गेली. थांबली नाही. कळप मावळात, बापाला कळायलाच पंधरवडा गेला.

मातीला म्हाळू गेला, मामा म्हणून त्यानंच खड्ड्यात उतरून तिला ठेवली. दुसऱ्या दिवशी नोंद करायची होती. त्याला वाटलं, गाव सोडून गेली असं लिहावं. तशीही पोरं दोन-तीन गेली होती, बापाबरोबर कळपामागं. लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं आणि बहिणीच्या पोरीचं मरण मोजण्यात धरलं गेलं नसतं. पण सरांनी शिकवलं होतं की मेलेलं पोर गेलेलं म्हणून लिहिलं तर तो ढीग आहे त्यापेक्षा धडधाकट दिसतो, आणि फरक पुन्हा बुजतो. त्यानं मयत लिहिलं. कारण गोवर.

उन्हाळ्यात सरांनी त्याला दौंडला बोलावलं. स्टेशनाजवळ भाड्याच्या खोलीत संस्थेचं सामान होतं, हातानं फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र होतं. सर त्याचं हँडल फिरवत होते, आकडे मांडत होते, दोन्ही ढिगांची वाढ, दोन्ही ढिगांतली मरणं. शेवटी त्यांनी पाठ टेकली.

"झालं, बरकडे. वजनाचा फरक छान आला. आणि मरणाचासुद्धा आला. वजनावर सरकार हलत नाही, मरणावर हलतं. अगदी काठावर बसलाय, पण बसलाय. योगायोग म्हणता येणार नाही कुणाला."

म्हाळू पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा होता.

"सर, त्या बाजूचं एक पोर काढलं तर?"

"कुठलं?"

"कुठलं बी. एक मेलंच न्हाई असं धरलं तर?"

सरांना हा प्रश्न फार आवडला. असे प्रश्न त्यांचे पुण्याचे विद्यार्थी विचारत नसत. त्यांनी हँडल पुन्हा फिरवलं, आकडा पाहिला, मान हलवली.

"मग नाही. मग योगायोग म्हणावं लागेल. मला सही करता येणार नाही." मग त्यांनी मान वर केली. "का रे?"

"सहज," म्हाळू म्हणाला.

परतताना एसटीत त्याला रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं वेगळंच. त्याला हलकं वाटलं. पोरगी वाया गेली नव्हती. तिच्या एकटीच्या जिवावर दोन तालुक्यांतल्या पोरांना लापशी मिळणार होती. हे बहिणीला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं. पण सांगायचं ते लापशी आल्यावर, हातात वाटी देऊन सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

सरकारी काम, ते यायला पुढचं वर्ष उजाडलं. कुशाबाईला तोवर मुलगीच झाली होती, ती रांगायला लागली होती. लापशी सगळ्यांना खुली झाली त्या सकाळी लिंबाखाली हीऽ गर्दी. म्हाळूला वरची जागा मिळाली होती, आता तो पाच-सहा वस्त्यांच्या केंद्रांवर देखरेख करायचा. तरी त्या दिवशी पळी त्यानं स्वतः हातात घेतली. कुशाबाई मुलीला घेऊन ओळीत आली. पुरतं वर्षभर ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्यानं वाटी शिगोशीग भरली आणि तिला बाजूला घेतलं.

"आक्का, एक सांगायचंय तुला," तो म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "ही लापशी नकुशीनं आणली. तिचं मरण धरलं नसतं तर फरकच पक्का व्हत नव्हता. सरांनी सही केली नसती. मी इचारून घेतलंय."

कुशाबाईनं मुलीला मांडीवर घेतलं, लापशी फुंकली, पहिलं बोट तिच्या तोंडात घातलं.

"म्हंजी ती जगली असती तर हे बंद झालं असतं?"

"व्हय."

"तुला एक मेलेलं पोर लागत व्हतं."

"मला न्हवं आक्का. मोजायला."

ती मुलीला चारत राहिली. पोरगी मिटक्या मारत होती.

"त्या दिशी तिच्या तोंडात बोट घातलंस," कुशाबाई म्हणाली, "तवा मला वाटलं, ह्याला नोकरीचं भ्या हाय. मी म्हनलं, जाऊ दे, त्याला बी लेकरू हाय. मी तुला मनातनं सोडलं व्हतं, म्हाळू. बोलत नव्हते, पन सोडलं व्हतं." तिनं मुलीची हनुवटी पुसली. "तुला तवाच ठावं व्हतं का, की ह्या बाजूची पोरं मागं पडल्याबिगर तुमचं जमायचं न्हाई?"

म्हाळू पळीला लागलेली लापशी पुसायला लागला. नाही म्हणावं तर खोटं, आणि ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. लहानपणी त्याचं खोटं तिला हमखास कळायचं.

"ठावं व्हतं," ती म्हणाली, आणि मान हलवली. वाटी तिनं निपटून मुलीला चारली, ओढ्यावर नेऊन धुतली, आणि परत आणून दुसऱ्या वाट्यांवर ठेवली.

ती रोज येत राहिली, एक दिवस चुकवला नाही. मुलीला पोटभर चारून न्यायची. वजनाच्या दिवशी म्हाळू येऊन लिंबाखाली बसला की ती मुलीला झोळीत ठेवायची आणि बाजूला उभी राहायची. किती भरली हे तिनं परत कधी विचारलं नाही. म्हाळू आपणहून सांगायचा, मोठ्यानं, खरा आकडा. तोवर तिनं पोरीला काढून कडेवर घेतलेलं असायचं.